अडुसष्ट लिंगं, सात काठ्या, छत्तीस पिढ्या

चिंचोळी एमआयडीसीत माप म्हणजे मायक्रॉन. एका मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. आमच्या इन्स्पेक्शनच्या टेबलावर एखादा शाफ्ट त्याच्या निम्म्यानं जरी वाकडा निघाला, तरी तो बाजूला काढावा लागतो. दिवसभर डायल गेजचा काटा बघणारी ही माणसं. पण जानेवारी उजाडला की त्यांचं लक्ष काट्यावरून कॅलेंडरवर जातं. कुणी सेकंड शिफ्ट बदलून मागतो, कुणी भोगीची सुट्टी, कुणी अक्षतेची, कुणी दारूकामाच्या दिवशी दोन तास आधी सुटू द्या म्हणतो. कारण कुणी विचारत नाही. मोहोळ तालुक्यातली ही वसाहत पुणे रस्त्यावर, शहरापासून पंधरा-वीस किलोमीटरवर आहे. पण गड्डा सुरू झाला की सगळ्यांची तोंडं सोलापूरकडे वळतात.

गड्डा म्हणजे सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वरांची, अर्थात सिद्धरामेश्वरांची यात्रा. भोगीला यण्णीमज्जन, संक्रांतीला अक्षता, किंक्रांतीला होमप्रदीपन, चौथ्या दिवशी शोभेचं दारूकाम आणि पाचव्या दिवशी कप्पडकळी. २०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा इथल्या गल्ल्यांत रोज ऐकू येतात. या सगळ्या गावाला पाच दिवस रस्त्यावर उतरवणारं प्रकरण साधंसुधं नसणार, हे उघड आहे. पण ते किती मोठं आहे, हे मी आकड्यांत मोजायला लागलो तेव्हा मात्र माझं डोकं गरगरलं.

सुरुवात ६८पासून. सिद्धराम बाराव्या शतकातले. बसवण्णा, अल्लमप्रभू आणि अक्कमहादेवी यांच्या काळातले शिवयोगी. श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाचा त्यांना ध्यास. तिथून परतल्यावर त्यांनी आपल्या गावाभोवती, पंचक्रोशीत, ६८ शिवलिंगं स्थापन केली, अशी परंपरा आहे. श्रीशैल किंवा काशीला जाणं ज्याला परवडत नाही, त्याला गावातल्या गावात अडुसष्ट तीर्थं घडावीत, ही त्यामागची कल्पना. भोगीच्या दिवशी बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यातून नंदीध्वज निघतात आणि या अडुसष्ट लिंगांना तेलाचं स्नान घातलं जातं. कन्नडमध्ये यण्णी म्हणजे तेल. एका लिंगापाशी फक्त पाच मिनिटं थांबायचं म्हटलं, तरी ३४० मिनिटं होतात. म्हणजे चालणं सोडून, गर्दी सोडून, नुसत्या थांबण्याचे पावणेसहा तास. सकाळी निघालेली मिरवणूक रात्री परतते ती यामुळे.

यात्रेची परंपरा सुमारे नऊशे वर्षांची मानली जाते. नऊशे गुणिले अडुसष्ट, ६१,२०० तैलस्नानं. मधल्या काळात बहामनी आले, आदिलशाही आली, पेशवाई आणि इंग्रज आले. १९३०च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्यात फाशी दिलं गेलं. तारीख पुन्हा वाचा. गावची यात्रा तोंडावर आलेली असताना गावची चार माणसं गेली. त्या वर्षी भोगी कशी गेली असेल, याचा विचार चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून जाताना दर जानेवारीत माझ्या मनात येतो.

सिद्धरामांच्या बाबतीत हा ६८ आकडा आणखी एका ठिकाणी येतो. त्यांनी ६८,००० वचनं रचली, असं परंपरा सांगते. कन्नडमध्ये आज हाती असलेली वचनं तेराशेच्या घरात आहेत. म्हणजे पन्नासातलं जेमतेम एक उरलं. परंपरेचा आकडा जसाच्या तसा धरला आणि रचनेचा काळ पन्नास वर्षांचा मानला, तर रोज पावणेचार वचनं होतात, आणि तीही तलाव खोदण्याचं काम अंगावर असताना. अठ्ठ्याण्णव टक्के शब्द काळाच्या पोटात गेले. लिंगं मात्र दर भोगीला लोक जाऊन मोजून येतात.

तलावाचं गणित तर मला सगळ्यात जवळचं वाटतं, कारण ते मेहनतीचं आहे. सोलापूर भागात वर्षाला सरासरी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. वर्षाचा साडेपाचशे धरला तर एका हेक्टरवर ५५ लाख लिटर. हे पाणी वाहून जाऊ द्यायचं की अडवायचं, एवढाच या अवर्षणी मुलखातला प्रश्न. सिद्धरामांनी लोकांना हाताशी घेऊन तलाव केला आणि मंदिर आज त्या पाण्याच्या मधोमध उभं आहे. आता खोदाईचा हिशेब बघा. एक घनमीटर माती साधारण दीड टन भरते. डोक्यावरच्या पाटीत पंधरा किलो माती बसते असं धरलं, तर एका घनमीटरच्या शंभर पाट्या. एक हेक्टर जागा नुसती एक मीटर खोल करायची, तरी दहा लाख पाट्या! जेसीबी नाही, डंपर नाही. दहा लाख वेळा कुणीतरी वाकलं, पाटी उचलली, काठावर रिती केली आणि परत फिरलं. आणि तलाव काही एक हेक्टरचा नाही, एक मीटर खोलही नाही. सिद्धरामांचं नाव मूर्तीमुळे टिकलं की पाण्यामुळे, असं कुणी विचारलं तर मी पाणी म्हणेन.

आता काठ्यांकडे येतो. नंदीध्वजाला लोक काठीच म्हणतात. एकूण सात. पहिली मानाची देवस्थानची, हिरेहब्बूंकडची. दुसरी कसब्यातल्या देशमुखांची. तिसरी माळी समाजाची. चौथी आणि पाचवी विश्वब्राह्मण समाजाची. सहावी आणि सातवी मातंग समाजाची. प्रत्येक काठीच्या शेंड्याला बाशिंग, खाली खोबऱ्याचे आणि फुलांचे हार. पेलणारे पांढऱ्या बाराबंदीत. बाराबंदीला बारा बंद. दहा हजार माणसं ती घालून आली तर सव्वा लाखाच्या आसपास बंद त्या सकाळी बांधले जातात, आणि बरेचसे आयांनी, बायकांनी, बहिणींनी.

काठी साधारण तीस फुटांची धरू, म्हणजे नऊ मीटर. तिचा बुंधा पेलणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्यात टेकवलेला. आता ती एक अंशानं कलली तर शेंडा किती सरकेल? सोळा सेंटिमीटर. आमच्या टेबलाच्या भाषेत १,६०,००० मायक्रॉन. तो कल कुणी सावरलाच नाही, तर अशी सरळसोट काठी किती वेळात आडवी होईल, याचंही गणित मांडता येतं. सुमारे चार सेकंद. एवढाच वेळ. गंमत अशी की लहान काठी सांभाळणं याहून अवघड. एक फुटाची पट्टी तळहातावर उभी करून पाहा. तोच एक अंशाचा कल तिला पाऊण सेकंदात पाडतो, डोळ्यानं पाहून हात हलवेपर्यंत ती खाली. उंची वाढली की पडण्याचा वेळ वाढतो, म्हणून उंच काठी माणसाला सावरायला अवधी देते. पण त्याबरोबर वजन वाढतं, वारा वाढतो, आणि चूक झालीच तर ती गर्दीवर पडते.

म्हणून पेलणाऱ्याकडे नीट बघा. तो रस्त्याकडे बघत नाही. मान मागे टाकलेली, नजर सरळ बाशिंगावर. पाय मात्र सतत बोलत असतात. अर्धं पाऊल पुढे, टाच किंचित आत, पुन्हा अर्धं पाऊल. शेंडा डावीकडे झुकायला लागला की कंबर त्याच्या आधी डावीकडे गेलेली असते. पुढेमागे सोबती हात अर्धवट उचलून चालतात. काठीला हात लावायचा तो गरज पडली तरच. घाम डोळ्यांत उतरतो, पण तो पुसता येत नाही. मग कुणीतरी शेजारून उपरण्यानं कपाळ टिपतं. थोडं अंतर गेलं की दुसरा पुढे होतो, पट्टा सारखा करतो, आणि त्या अदलाबदलीच्या दोन-तीन सेकंदांत आजूबाजूचा आवाज वाढत जातो, ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!’ हलगी तर थांबतच नाही. दाते गणपती, दत्त चौक, माणिक चौक, विजापूर वेस, पंचकट्टा असा हा प्रवास. सात काठ्या एकामागोमाग त्या रस्त्यानं येताना पाहिल्या की चार सेकंदांचं ते गणित आठवतं. सकाळपासून रात्रीपर्यंतच्या बारा तासांत चार सेकंदांचे १०,८०० तुकडे आहेत. त्यांतल्या प्रत्येक तुकड्यात काठी पडू शकली असती. किंक्रांतीच्या रात्री तर पहिल्या काठीला नागफणी बांधतात, आणि तो वाढीव भार शेंड्याकडे असतो.

जगात असं वजन उचलणारी गावं आणखी आहेत, आणि त्यांची ओळख असावी. इटलीत गुब्बिओ नावाच्या गावी संत उबाल्दो यांच्या नावानं दर १५ मे रोजी तीन उंच लाकडी मनोरे खांद्यावर घेऊन माणसं डोंगर चढत धावतात. एकेकाचं वजन पावणेतीनशे ते तीनशे किलो. उबाल्दो वारले ११६० साली, म्हणजे आपल्या सिद्धरामांच्याच शतकात. दोन गावांना एकमेकांची गंधवार्ता नसताना दोघांनीही आपल्या संतासाठी उंच काहीतरी उभं करून रस्त्यावर आणलं. विटेर्बोत ३ सप्टेंबरला संत रोझाचा सुमारे तीस मीटर उंच, पाच टनांचा मनोरा शंभरेक माणसं खांद्यावर घेतात. माणशी पन्नास किलो. तिथं भार शंभरांत वाटला जातो. सोलापुरात तो एका वेळी एकाच कमरेवर येतो, आणि वाटला जातो तो एकामागून एक. मला आपली रीत जास्त भावते, कारण तिच्यात चुकीला लपायला जागा नाही.

संक्रांतीच्या दुपारी सगळं गाव संमती कट्ट्याभोवती असतं. सिद्धरामांशीच लग्न करीन म्हणणाऱ्या कुंभारकन्येची ही कथा आहे. ते योगी, म्हणून तिनं त्यांच्या योगदंडाशी लग्न लावलं. त्या लग्नाच्या अक्षता आजही पडतात. कन्नडमधून संमती वाचली जाते आणि दर वेळी गर्दीतून उत्तर येतं, ‘सत्यम सत्यम, दिड्यम दिड्यम!’

या गर्दीचा आकडा दर वर्षी ‘लाखोंची’ असा छापून येतो. मोजमापाच्या माणसाला तो तपासून पाहावासा वाटतो. बर्कली इथले पत्रकारितेचे प्राध्यापक हर्बर्ट जेकब्स यांनी १९६०च्या दशकात एक सोपी रीत बसवली. सैल गर्दीत माणशी दहा चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, आणि हलायलाही जागा नसेल तिथं अडीच. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. दाट गर्दीच्या हिशेबानं एकरात ९,६८० माणसं मावतात. एका क्षणी एक लाख माणसं उभी राहायची तर दहा एकरांहून जास्त जागा हवी. मग ‘लाखो’ खोटं का? नाही. तलावाचा काठ, पंचकट्टा, होम मैदान, आसपासच्या इमारतींच्या गच्च्या, सगळं मिळून जागा मोठी आहे, आणि माणसं एका जागी थांबत नाहीत. एका एकरातली दहा हजार माणसं तासातासानं बदलत राहिली तर दहा तासांत तेवढ्या जागेतून लाख माणसं होऊन जातात. गड्डा असाच भरतो, तो वाहता असतो.

अक्षतांचाही हिशेब करू. तांदळाचा दाणा सुमारे वीस मिलिग्रॅमचा. चिमटीत पन्नास दाणे धरले तर एक ग्रॅम. लाख माणसांनी एकदा चिमूट उधळली की पन्नास लाख दाणे हवेत, वजन शंभर किलो. एक पोतं तांदूळ एका क्षणी आकाशात! आणि उत्तराचा आवाज? आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. कट्ट्यापाशी ‘सत्यम’ उठला आणि तुम्ही साडेतीनशे मीटरवर असाल, तर तो तुमच्यापर्यंत यायला एक पूर्ण सेकंद लागतो. तोवर पुढचे लोक ‘दिड्यम’वर गेलेले असतात. एवढ्या मोठ्या गर्दीला खऱ्या अर्थानं एका सुरात बोलताच येत नाही. भौतिकशास्त्र आड येतं. विजापूर वेशीच्या बाजूला मागे उभं राहिलं की हा उशीर कानांना स्पष्ट कळतो. पुढून येणारं उत्तर आणि आपल्या शेजारचं उत्तर एकमेकांत मिसळत जातात, आणि आपण नक्की कुणाबरोबर म्हणालो हे सांगता येत नाही.

तारखेची गोष्ट तर मी लोकांना सांगत सुटतो. संक्रांत दर वर्षी १४ जानेवारीलाच असते, असं आपण धरून चालतो. पण स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३चा, आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. २०२४ साली ती १५ जानेवारीला आली. सूर्याला त्याच ताऱ्यांपाशी परत यायला जो काळ लागतो, तो आपल्या दिनदर्शिकेच्या वर्षापेक्षा वीस मिनिटांनी जास्त आहे. वर्षाला वीस मिनिटं म्हणजे सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस. नऊशे वर्षांत बारा-तेरा दिवस. म्हणजे सिद्धरामांच्या काळातली संक्रांत आजच्या दिनदर्शिकेनं मोजली तर एक-दोन जानेवारीच्या आसपास पडते. एका माणसाच्या अख्ख्या आयुष्यात यात्रा जेमतेम एक दिवस पुढे सरकते. आजोबांच्या आणि आपल्या संक्रांतीत फरक दिसत नाही, आणि तरीही ती चालत असते. फिरून मूळ जागी यायला तिला सुमारे २६ हजार वर्षं लागतील.

आणि आता तो आकडा, ज्यानं मला रात्रभर जागं ठेवलं. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर नऊशे वर्षांत छत्तीस पिढ्या होतात. आपल्याला आईवडील दोन, आजीआजोबा चार, पणजीपणजोबा आठ. दर पिढीला दुप्पट. छत्तीस पिढ्या मागे गेलं की प्रत्येकाच्या वंशवृक्षात ६८,७१,९४,७६,७३६ जागा होतात. सहा हजार आठशे एकाहत्तर कोटींच्या वर. आकड्याची सुरुवातही ६८नं व्हावी, हा योगायोग मला फार गोड वाटला. पण बाराव्या शतकात अख्ख्या पृथ्वीवर माणसं होती तीस-चाळीस कोटी. मग एवढे पूर्वज आणायचे कुठून? एकच उत्तर: तीच ती माणसं पुन्हा पुन्हा येतात. एकच पूर्वज वंशवृक्षात हजारो फांद्यांवर बसलेला असतो. आपल्याकडे लग्नं जातीत, आणि बहुतेकदा शंभर मैलांच्या आत. त्यामुळे इथं तर ही माणसं आणखी कमी आणि आणखी जास्त वेळा आलेली. पण छत्तीस पिढ्यांत कुंपण एकदाही ओलांडलं गेलं नाही, असं गणित मानत नाही. एकदा एक धागा पलीकडे गेला की पुढच्या पिढ्यांत तो दुपटीनं पसरत जातो. पहिल्या काठीमागे चालणारा आणि सातव्या काठीमागे चालणारा एकमेकांचे कोण लागतात, हे कुणाच्याही वहीत लिहिलेलं नाही. मात्र तलावाच्या कडेला पाटी रिती करणारं कुणीतरी दोघांच्याही झाडावर बसलेलं असण्याची शक्यता फार मोठी आहे. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या बाराबंदीवर माझ्या चिमटीतले दाणे पडतात तेव्हा मला हे आठवतं, आणि बरं वाटतं.

होम मैदानावरच्या गड्ड्याचं मी फार सांगत नाही. आकाशपाळणे, मौत का कुआँ, खेळणी, भेळ हे सगळ्या जत्रांत असतंच. पण रेवणसिद्धेश्वर परिसरातला जनावरांचा बाजार चुकवू नका, खिलार बैलाची चाल बघायला तरी जा. होमप्रदीपनाच्या रात्री देशमुखांच्या वासराची भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ, गाजर ठेवतात. ते कशाला तोंड लावतं, कशाकडे पाठ फिरवतं, यावरून पाऊसपाणी आणि बाजारभाव सांगतात. शेतकरी ते मनापासून ऐकतात. साडेपाचशे मिलिमीटरच्या मुलखात पावसाबद्दल कुणीही काही सांगितलं तरी माणूस कान देतोच.

दारूकामाच्या रात्री ज्यांना सुट्टी मिळत नाही, ते चिंचोळीत कारखान्याच्या गच्चीवर चढतात. हवा स्वच्छ असेल तर शहराच्या दिशेला क्षितिजावर उजेडाचे ठिपके उठतात. अंतर सतरा किलोमीटर धरलं तर आवाजाला तिथं यायला पन्नास सेकंद लागतील; तो वाटेतच विरून जातो. बिनआवाजाचं दारूकाम बघून माणसं पुन्हा मशीनवर येतात.

गर्दीचा त्रास होणाऱ्यांसाठी एक सांगतो. यात्रेआधीच्या काही आठवड्यांत नंदीध्वज पेलण्याचा सराव चालतो. हार नाहीत, बाशिंग नाही, लोटणारे लोक नाहीत. नुसती काठी, पट्टा आणि पहिल्यांदाच पेलायला शिकणारी पंधरा-सोळा वर्षांची पोरं. त्यांना सांगितली जाणारी पहिली गोष्ट म्हणजे खाली बघू नको. हातभर अंतरावर उभं राहून पोरांचे पाय बघता येतात, वाटल्यास घड्याळ लावून चार सेकंदही मोजता येतात. डिसेंबरमध्ये सोलापुरात असाल तर बाळीवेशीच्या बाजूला कुणालाही विचारा, सराव कुठं चाललाय ते सांगतील.